देवाच्या शपथेवरून सहा वर्षे : चार्ल्स ब्रॅडलॉ

२७ फेब्रुवारी १८७२ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये मोठी प्रार्थनासभा झाली. युवराज टायफॉइडमधून वाचले, म्हणून देवाचे आभार मानायचे होते. राणी व्हिक्टोरिया, पंतप्रधान ग्लॅडस्टन, विरोधी पक्षनेते डिझरेली, सगळे हजर होते. वरवर हा धार्मिक कार्यक्रम. पण आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये राजेशाही नको म्हणणाऱ्यांचा जोर वाढला होता आणि या सोहळ्यानंतर तो ओसरला. चर्चमधल्या एका सकाळीने जे साधले, ते भाषणांनी साधले नसते. त्या राजेशाहीविरोधी चळवळीचा एक पुढारी होता चार्ल्स ब्रॅडलॉ.

ब्रॅडलॉचा जन्म १८३३ सालचा, लंडनच्या हॉक्स्टन वस्तीतला. वडील वकिलाकडे कारकून. पोरगा हुशार, म्हणून चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायला लागला. बिशप येणार म्हणून पाद्रीने त्याला तयारी करायला सांगितली. त्याने चर्चची ३९ धर्मकलमे आणि शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली, तर मेळ बसेना. नम्रपणे पत्र लिहून खुलासा मागितला. उत्तराऐवजी शिकवण्याचे काम गेले, आणि थोड्याच काळात घरही सुटले. तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. प्रश्न विचारला म्हणून घराबाहेर पडावे लागलेली मुले माझ्या कामात मला आजही भेटतात, त्यामुळे हा प्रसंग मी कधीच घाईने वाचू शकत नाही.

पुढे सैन्यात नोकरी, मग वकिलाकडे कारकुनी, व्याख्याने, स्वतःचे साप्ताहिक, १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी. संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल १८७७ मध्ये ॲनी बेझंट यांच्यासह खटलाही झाला.

१८८० मध्ये नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी त्याला खासदार केले आणि खरा पेच उभा राहिला. संसदेत बसायचे तर देवाची शपथ घ्यावी लागे. ब्रॅडलॉने साधी प्रतिज्ञा करू द्या म्हटले, नकार मिळाला. मग शपथ घेतो म्हणाला; तर तुझा देवावर विश्वास नाही, तेव्हा शपथही घेता येणार नाही, असे ठरले. त्या सभागृहात मनातून काही न मानणारे आणखीही असतील. ते गप्प राहिले, म्हणून त्यांची शपथ चालली. याची मात्र उघड बोलण्यामुळे अडली. माझ्या मते प्रश्न श्रद्धेचा नव्हताच. रीत पाळली जाते आहे हे दिसायला हवे होते, एवढेच.

त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडले. १८८१ मध्ये पोलिसांनी ओढत बाहेर काढले, कपडे फाटले. १८८२ मध्ये त्याने खिशातून नवा करार काढून स्वतःच शपथ घेतली, तर सदस्यत्व रद्द झाले. नॉर्दम्प्टनचे लोक, त्यात चांभारकाम करणारे पुष्कळ, त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. ग्लॅडस्टन स्वतः कट्टर ख्रिस्ती. तरी १८८३ मध्ये प्रतिज्ञेच्या विधेयकाच्या बाजूने ते मनापासून बोलले. विधेयक तीन मतांनी पडले.

अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभापतींनी कोणालाही आडवे येऊ दिले नाही आणि ब्रॅडलॉ आत बसला. पुढच्याच वर्षी राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना झाली. तिथे इंदूरचे होळकर महाराजही होते. म्हणजे ख्रिस्ती नसलेला पाहुणा चर्चमध्ये चालत होता, पण निवडून आलेला नास्तिक सभागृहात बसवायला सहा वर्षे लागली! १८८८ मध्ये ब्रॅडलॉनेच कायदा करून घेतला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा सर्वांना खुली झाली. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही ईश्वराची शपथ आणि दृढकथन हे दोन्ही पर्याय शेजारी आहेत.

संसदेत तो हिंदुस्थानचे प्रश्न इतके मांडी, की त्याला हिंदुस्थानचा खासदार म्हणू लागले. डिसेंबर १८८९ मध्ये, मोठ्या आजारातून उठल्यावर, तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला.

जानेवारी १८९१ मध्ये तो मरणशय्येवर असताना संसदेने १८८० चा त्याच्याविरुद्धचा ठराव कामकाजातून पुसून टाकला. तो बेशुद्ध होता, त्याला ते कळले नाही. ३० जानेवारीला तो गेला. ब्रुकवूडच्या दफनभूमीत ना प्रार्थना झाली, ना भाषण. लंडनमधले हिंदी लोक मोठ्या संख्येने आले होते, त्यांत कायदा शिकणारा तरुण मोहनदास गांधीही होता. काही पाद्रीही आले होते.