धुळ्याच्या आखणीचे श्रेय कोणाचे?

धुळे शहरातील सरळ, समांतर गल्ल्यांचा विषय निघाला की ही आखणी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची, असे सहज सांगितले जाते. भाषणांत, स्मरणिकांत आणि संकेतस्थळांवरही हे विधान वर्षानुवर्षे फिरत आहे. कालगणना मात्र त्याला दुजोरा देत नाही. नवे धुळे वसू लागले १८१९ मध्ये. विश्वेश्वरय्यांच्या जन्माला तेव्हा चार दशकांचा अवकाश होता. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात तरुण अभियंता म्हणून रुजू झाले आणि खान्देशात पांझरा नदीच्या परिसरात सायफन बांधण्याचे अवघड काम त्यांनी पार पाडले. हे काम खरेच मोलाचे. पण तेवढ्यावरून सारे शहर त्यांच्या खात्यावर जमा करण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ ज्या गावात आहे, त्या गावाने स्वतःच्या जन्माबाबत दंतकथेवर विसंबावे, हे नवलच म्हणायचे.

नव्या धुळ्याचा पाया घालणारा अधिकारी होता कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याचा जन्म १७८५ चा. १८०१ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो मद्रासच्या लष्करात दाखल झाला. १८१० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या वकिलातीबरोबर तो इराणला गेला. फारसी भाषेचा आणि इतिहासाचा त्याला विलक्षण नाद होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी पुण्याची रेसिडेन्सी जाळली गेली, तेव्हा त्याचे अनेक वर्षांचे कागद आणि हस्तलिखिते त्या आगीत गेली. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने त्याला खान्देशचा पोलिटिकल एजंट नेमले. त्या वेळी ब्रिग्जने नुकतीच तिशी ओलांडली होती.

खान्देशची तेव्हाची अवस्था दारुण होती. १८०३ मध्ये होळकरांच्या सैन्याची धाड आणि त्याच वर्षीचा भीषण दुष्काळ यांमुळे धुळे पूर्णपणे ओस पडले होते. दुसऱ्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. पुढे सोनगीर आणि लळिंग या परगण्यांचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्यांनी आपले ठाणे धुळ्यातच केले. ब्रिग्ज की विश्वेश्वरय्या या वादात या माणसाचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक, बाळाजी बळवंतांनी उजाड गावात पुन्हा दिवा लावला नसता, तर ब्रिग्जला निवडण्यासाठी तेथे गावच उरले नसते.

ब्रिग्जने जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून धुळे निवडले, ते मध्यवर्ती आणि दक्षिणेतून उत्तर हिंदुस्थानकडे जाणाऱ्या वाटेवरचे म्हणून. बागायतीने वेढलेले, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्या मधे दाटलेले छोटे गाव, अशी त्याची नोंद आहे. १८१९ मध्ये तेथे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. त्या वर्षीच्या जानेवारीत महसुली आणि न्यायालयीन कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळाली. दूरदूरच्या गावांहून कारागीर आणले गेले. एकूण खर्च आला २७ हजार रुपये.

कचेऱ्या कोणत्याही राजवटीने बांधल्या असत्या. ब्रिग्जचे वेगळेपण लोकवस्ती आणण्याच्या पद्धतीत आहे. व्यापाऱ्यांना आणि इतरांना त्याने घरांसाठी जागा दिल्या, त्याही कायमच्या बिनभाड्याने. पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांना सारखीच अगाऊ रक्कम दिली. आज विकास आराखडा म्हटले की आरक्षण, हरकती, अतिक्रमण आणि नोटिसा हे शब्द आधी आठवतात. ब्रिग्जकडे नगररचनेचा कायदा नव्हता. तो मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये आला. त्याने नागरिकाला जागेचा भरवसा आणि हातात भांडवल दिले. प्रत्येक गल्लीची रेघ त्यानेच ओढली, असे कोणी म्हणू नये. परंतु जुन्या धुळ्यातील वेड्यावाकड्या घरांशेजारी नवे, नियमित गाव उभे राहिले ते या धोरणाच्या बळावर.

त्याची दुसरी बाजू झाकता येणार नाही. मालेगावच्या किल्ल्यातील अरबांची शिबंदी जून १८१८ मध्ये शरण आली, तरी सातपुडा आणि सातमाळ्यातील भिल्लांशी संघर्ष चालूच राहिला. ब्रिग्जने तनखे आणि माफी देऊ केली, त्याचबरोबर रसद तोडून लष्करी तुकड्याही पाठीवर घातल्या. पेठेतील व्यापाऱ्याला मिळालेला भरवसा डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला आला नाही.

१८२३ मध्ये ब्रिग्ज साताऱ्याचा रेसिडेंट झाला. फेरिश्ताच्या फारसी इतिहासाचे त्याचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. आजही अभ्यासकांना ते चाळावे लागते. पुढच्याच वर्षी त्याने हिंदुस्थानातील जमीनमहसुलावर ग्रंथ लिहिला. जमिनीचा मालक सरकार नव्हे, असे त्यात त्याने मांडले. धुळ्यातील बिनभाड्याच्या जागा आणि हा ग्रंथ यांत एकच विचार दिसतो, असे आम्हांस वाटते. १८३१ मध्ये तो म्हैसूरचा कमिशनर झाला, म्हणजे विश्वेश्वरय्यांच्याच मुलुखात! नंतर नागपूरची रेसिडेन्सी सांभाळून १८३५ मध्ये तो मायदेशी परतला. तेथे कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्याने डलहौसीच्या संस्थाने खालसा करण्याच्या धोरणाला विरोध केला.

धुळ्याची वाढ होत राहिली. पण रेल्वेचा मुख्य मार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा गेला आणि कापसाचा व्यापार जळगावकडे झुकला. धुळ्याला चाळीसगावची शाखा मिळाली ती १९०० मध्ये. १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खान्देशाचे मुख्य ठिकाण बनले.

ब्रिग्जने हे पाहिले नाही. ससेक्समधील बर्जेस हिल येथे २७ एप्रिल १८७५ रोजी, वयाच्या नव्वदीत पोहोचता पोहोचता त्याचा मृत्यू झाला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७२ मध्ये, पांझरेच्या महापुराने धुळ्याची मोठी हानी केली होती. त्या सालच्या गणतीनुसार गावात २,६२० घरे आणि १२,४८९ लोक होते.