शहराची प्रकृती तपासणारे पॅट्रिक गेडिस

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला. त्याच्या प्रमुखपदी आलेले प्राध्यापक शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ होते आणि त्याआधीची तीस वर्षे त्यांनी स्कॉटलंडमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवले होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी संस्कृतच्या एका तरुण पदवीधराची निवड केली. मुंबई हे नागरी केंद्र म्हणून कसे आहे, या विषयावरचा त्याचा निबंध त्यांना आवडला होता. हा तरुण १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणात जन्मला होता. पुढे भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ते हेच.

घुर्ये यांचे नाव मालवणकरांना माहीत असते. गेडिस यांचे नाव मात्र नगररचनाकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही. शहराच्या हवेचा आणि रस्त्यांच्या आखणीचा संबंध आज आरोग्याच्या दृष्टीने तपासला जात असताना या माणसाचे आयुष्य समजून घेणे उपयोगाचे आहे.

डोळे गेले, दृष्टी आली

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील घरात पॅट्रिक वाढले. घरामागे बाग, खाली नदीचे खोरे आणि पलीकडे डोंगर होते. पुढे लंडनमध्ये टॉमस हक्सले यांच्याकडे ते जीवशास्त्र शिकले. प्राणी आणि वनस्पतींच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास हेच आपले आयुष्य, असे त्यांनी ठरवले होते.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तिथे डोळ्यांच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, पण डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे अशक्य झाले. मग हा जीवशास्त्रज्ञ माणूस आणि त्याची वस्ती यांच्या अभ्यासाकडे वळला. सजीव आणि त्याचा परिसर यांचे नाते काय, हा प्रश्न तोच राहिला. फक्त आता पेशीच्या जागी शहर आले.

धुरकट एडिंबरा

त्या काळी एडिंबरा शहराला लोक थट्टेने धुरकट म्हातारी म्हणत. घराघरांत कोळसा जळे आणि जुन्या भागावर धुराचे छत्र असे. उंच, दाटीवाटीच्या इमारती, अंधारी अंगणे, सांडपाणी आणि क्षय असे तिथले चित्र होते. सुखवस्तू मंडळी हा भाग सोडून केव्हाच निघून गेली होती. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर गेडिस उलट तिथेच राहायला गेले. नवपरिणीत जोडप्याने त्या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड थाटले, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना रंग दिला, केराचे ढीग उपसले आणि कोपऱ्याकोपऱ्यांत फुलझाडे लावली.

जुनी वस्ती सरसकट पाडायची नाही, हे तत्त्व इथेच त्यांच्या मनात पक्के झाले. एखादी मोडकळीला आलेली इमारत काढायची, तिच्या जागी चौक किंवा बाग करायची, हवा आणि उजेड आत येऊ द्यायचा आणि बाकीची घरे दुरुस्त करायची. या पद्धतीला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली. कुशल सर्जन रोगट भाग तेवढा काढतो आणि निरोगी अवयव जपतो, तसे शहराचे करावे. उपचाराआधी निदान हवे, हा वैद्यकाचा नियमही त्यांनी उचलला. आराखडा कागदावर उतरण्याआधी गल्ल्या पायी फिरायच्या, लोक कुठून कुठे जातात ते पाहायचे, विहिरी, झाडे, देवळे, बाजार यांची नोंद करायची, आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबरातील एका मनोऱ्यात शहराचे जणू प्रदर्शनच उभारले. वर गेले की सगळे शहर आणि त्याभोवतीचा मुलूख एका नजरेत दिसे. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचे खोरे हे एकच एकक मानावे, असे ते शिकवत. वर खाणकामगार, लाकूडतोड्या आणि शिकारी, मध्ये मेंढपाळ आणि शेतकरी, खाली मच्छीमार. ही आकृती सिंधुदुर्गाला जशीच्या तशी लागू पडते. सह्याद्रीच्या माथ्यावर जंगल, उतारावर काजू, खाली भाताचे मळे, मग माड-पोफळीच्या बागा आणि देवबागला जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे मच्छीमारांची वस्ती.

कोळशाचे युग, विजेचे युग

१९१५ मध्ये शहरांच्या उत्क्रांतीवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. औद्योगिक युगाचे दोन टप्पे त्यांनी सांगितले. पहिला कोळसा, वाफ, धूर आणि बकाल वस्त्यांचा. दुसरा वीज, स्वच्छता आणि झाडांचा. पहिल्या टप्प्यात माणूस निसर्गाने साठवलेले इंधन जाळून पैसा करतो आणि त्या बदल्यात काळवंडलेली हवा घेतो, हा हिशेब तोट्याचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. वाढत वाढत एकमेकांना भिडणाऱ्या शहरांसाठी इंग्रजीत आज रूढ असलेला शब्दही त्यांनीच याच पुस्तकातून दिला.

योगायोग असा की त्याच १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. सह्याद्रीत पडणाऱ्या पावसावर गिरणीचे चाक फिरू लागले आणि कोळशाच्या भट्ट्यांना पर्याय तयार झाला. मुंबईत पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. गेडिस यांनी सांगितलेला दुसरा टप्पा ही कल्पनाच राहिली नव्हती.

हिंदुस्थानातील दहा वर्षे

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. नगररचनेचे त्यांचे प्रचंड प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. अनेक वर्षांचे नकाशे, चित्रे आणि आराखडे समुद्रात गेले. मित्रांनी धावपळ करून नवी सामग्री जमवली आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरलेही.

त्यानंतर त्यांनी देश पायी पालथा घातला. मुंबई इलाख्यातील सहा शहरांच्या पुनर्रचनेवर अहवाल दिला. बडोदे, लखनौ, लाहोर, ढाका अशा अनेक शहरांचे अहवाल लिहिले. जुन्या पेठांतून सरळसोट रुंद रस्ता काढायचा, त्यासाठी शेकडो घरे पाडायची, ही त्या काळची सरकारी रीत होती. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले, त्यामागे समुद्राची हवा दाट वस्तीत खेळवण्याचा हेतू होता. हेतू चांगला होता, पण घर गेलेली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि तिथली गर्दी वाढली. गेडिस यांचा आक्षेप नेमका याला होता. इलाजाने रोग दुसरीकडे सरकत असेल, तर तो इलाज नव्हे.

त्यांचे सर्वांत विस्तृत काम इंदूरचे. होळकर दरबारासाठी त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. शहरात प्लेगची भीती होती. दिवाळीत त्यांनी मोठी मिरवणूक काढवली. जो रस्ता सर्वांत स्वच्छ, त्यावरून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले आणि मोहल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा होत्या, त्या शेवटी जाळल्या गेल्या. सफाई कामगारांना स्वच्छ पोशाखात मानाने चालवले गेले. सार्वजनिक आरोग्याचा निरोप हुकूम काढून जेवढा पोचतो, त्याहून सणातून जास्त पोचतो, हे त्यांनी ओळखले होते. हेच इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले.

याच काळात त्यांच्यावर दोन घाव बसले. १९१७ च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलेस्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना त्यावेळी हिंदुस्थानात आतड्याच्या तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांच्यापासून लपवली. जूनमध्ये कलकत्त्यात ॲना गेल्या. दूषित पाणी आणि अन्न यांतून पसरणाऱ्या ज्या रोगांशी ते शहराशहरांत झुंजत होते, त्यांतल्याच एकाने त्यांच्या घरात प्रवेश केला. तरीही इंदूरचे काम त्यांनी पुरे केले.

१९१९ ते १९२४ ते मुंबईत शिकवत होते. त्यानंतर विभागाची सूत्रे मालवणच्या घुर्ये यांच्याकडे आली आणि १९५९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास अशी पिढी त्यांच्या हाताखाली घडली. गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले, १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला आणि १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिए येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांना न दिसलेला कण

गेडिस यांचे बहुतेक अहवाल कपाटात राहिले. अभियंत्यांना ते अव्यवहारी वाटत. त्यांच्या भाषेत कल्पनांची गर्दी असे, हेही खरे. शिवाय मोटारगाड्यांचा आजचा पूर त्यांनी पाहिला नव्हता. धूर त्यांना दिसत होता. धुरातला न दिसणारा कण मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

आज ते आहे. अडीच मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतात. त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दमा आणि जुनाट श्वासविकार तर वाढतातच, पण हृदयविकार, पक्षाघात आणि कमी वजनाची बाळे यांच्याशीही त्यांचा संबंध सिद्ध झाला आहे. डिझेलच्या धुराचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारकांत केला. या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे संघटना २०२१ पासून सांगते. आपल्याकडची मर्यादा ४० आहे.

हे कण किती लोकांच्या छातीत जातील, हे बरेचसे शहराच्या आखणीवर ठरते. वर्दळीच्या रस्त्यालगत प्रदूषण सर्वाधिक असते आणि दीडदोनशे मीटर आत गेले की ते बरेच उतरते. म्हणून शाळा, अंगणवाडी, दवाखाना कुठे बांधला जातो याला महत्त्व आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद गल्लीत धूर कोंडतो. आणि रस्ता रुंद केला की काही काळ वाहतूक सुटते, मग त्या रुंदीला पुरतील एवढी वाहने येतात.

मालवणची नाडी

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. समुद्रकाठच्या गावांची हवा मुळातच चांगली असते हा समज अर्धाच खरा आहे. दिवसा खारे वारे धूर आत ढकलतात आणि पातळ करतात. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे मतलई वारे मंद असतात, तेव्हा धूर जमिनीलगत रेंगाळतो. पातेरा जाळण्याची सवय, तरव्यासाठीची भाजावळ आणि चूल यांचा धूर त्यात मिसळतो. सुट्टीच्या दिवसांत बंदर जेटी, भरड आणि बाजारपेठेत गाड्या इंजिन चालू ठेवून खोळंबतात, त्यांच्या धुराच्या उंचीवरच दुकानदार, मासळी विकणाऱ्या बाया आणि शाळेची मुले श्वास घेत असतात.

अशा वेळी रस्ता रुंद करा, घरे मागे घ्या, ही मागणी पुढे येते. गेडिस यांच्या पद्धतीने आधी मोजणी होईल. कोणत्या वेळी किती गाड्या येतात, त्यांतल्या किती फक्त किल्ल्याची होडी पकडण्यासाठी येतात, किती माणसे पायी जाऊ शकतील. मग लहान, नेमके उपाय निघतील. गावाबाहेर वाहनतळ, तिथून जेटीपर्यंत छोट्या विजेच्या गाड्या, गर्दीच्या तासांत बाजारपेठ फक्त चालणाऱ्यांसाठी, जुन्या झाडांना हात न लावता पदपथ. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. कुडाळ आणि कणकवली स्थानकांवरून गाडीच्या वेळेला जोडून एसटी मिळाली, तर चाळीस माणसे एका बसमधून येतील. चौघांना एक मोटार धरली, तर तेवढ्यांसाठी दहा मोटारी लागतात. पातेरा जाळण्याऐवजी त्याचे खत करणे तर आजच शक्य आहे. कचरा वर्गीकरणात नाव कमावलेले वेंगुर्ले याच जिल्ह्यातले आहे.

जुनी पेठ एकदा पाडली की परत येत नाही, आणि मुलांच्या फुप्फुसांची खुंटलेली वाढही पूर्णपणे भरून निघेल याची खात्री नसते. गावाचा विकास आराखडा हरकतींसाठी जाहीर होतो, तेव्हा तो नगरपरिषदेत जाऊन पाहण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. आपली शाळा, आपला दवाखाना आणि आपली गल्ली त्यात कुठे आहे, हे नागरिकांनी स्वतः शोधावे. गेडिस गावोगावी प्रदर्शने भरवत होते ते यासाठीच.