विश्लेषण : अंधाराला दचकणारे जीवाणू कोणी शोधले?

जांभळे जीवाणू सूर्यप्रकाशावर जगतात. त्यांना ना डोळे, ना मज्जातंतू. मग उजेड कमी होत असल्याचे त्यांना कसे कळते? या प्रश्नाचा पहिला धागा जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर विल्हेल्म एंगेलमान यांच्या हाती लागला.

एंगेलमान कोण होते?

त्यांचा जन्म १८४३ मध्ये लायप्झिगचा. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे त्यांनी सुमारे ३० वर्षे काम केले. त्यांचा मुख्य विषय स्नायू आणि हृदय. घरात संगीताचे वातावरण. पत्नी एमा नामवंत पियानोवादक. संगीतकार ब्राम्स यांनी आपली एक रचना एंगेलमान यांना अर्पण केली होती.

प्रयोग काय होता?

१८८२ मध्ये त्यांनी शेवाळाच्या तंतूवर सप्तरंगी प्रकाशपट्टा पाडला आणि भोवती प्राणवायूकडे धावणारे जीवाणू सोडले. लाल आणि निळ्या प्रकाशाजवळ त्यांची गर्दी झाली. प्रकाशसंश्लेषण तेथेच जोरात चालते, हे सिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी जांभळ्या जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे जीवाणू उजेडाच्या ठिपक्यात सहज शिरत. बाहेर पडताना मात्र अंधाराच्या सीमेवर दचकून मागे फिरत. त्यामुळे तो ठिपका त्यांच्यासाठी सापळाच ठरे. प्रकाशपट्ट्यावर तर माणसाला न दिसणाऱ्या अवरक्त भागातही ते जमले. जे किरण त्यांचे रंगद्रव्य शोषते, तेथेच ही गर्दी होती.

चूक कुठे झाली?

वनस्पतींप्रमाणे हे जीवाणूही प्राणवायू सोडतात, असे एंगेलमान यांनी मानले. ते खरे नव्हते. १९०९ मध्ये बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९३१ मध्ये कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी उलगडा केला : जांभळे गंधक जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणून प्राणवायू बाहेर पडत नाही.

मग निरीक्षणाचे महत्त्व काय?

निष्कर्ष चुकला, पण निरीक्षण टिकले. प्रकाश घटला की पेशीतील इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मंदावतो. तो संदेश शेपटीसारख्या कशाभिकेपर्यंत पोहोचतो आणि जीवाणू दिशा बदलतो. म्हणजे तो उजेड ‘पाहत’ नाही. ऊर्जा आटू लागल्याचे त्याला जाणवते. उपासमार सुरू होण्याआधीच माघारी फिरण्याची ही युक्ती एंगेलमान यांनी साध्या ठिपक्यातून टिपली होती.