लेन्सला लावायला फिल्टर नव्हता, म्हणून कोल्हापूरच्या या पेंटरनं मागचे पडदेच वेगळ्या रंगात रंगवले

आज फोटो काढला की पहिलं काम काय? फिल्टर. बोट सरकवलं की आभाळ गडद होतं, आणखी एकदा सरकवलं की सगळा फोटो जुन्या काळातला वाटायला लागतो. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे ते रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून फोटोवॉकला निघतात. लेन्सवर पोलरायझर, एनडी नाहीतर लाल-पिवळी काच चढवायची आणि तोच ओढा, तेच देऊळ पुन्हा पुन्हा टिपायचं.

पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात एक माणूस असा होता, ज्याला रंग बरोबर उमटवणारा फिल्टर हवा होता आणि तो त्याच्याकडे नव्हता. मग त्यानं काय केलं? लेन्ससमोरची दुनियाच बदलून टाकली.

हा माणूस म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

मिस्त्रींचा मुलगा पेंटर कसा झाला?

बाबूरावांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. जन्म 3 जून 1890, कोल्हापूर. वडील कृष्णराव हे कसबी कारागीर. घरात हत्यारं होती, लाकूड होतं, रंग होते. बाबूराव कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. चित्र काढणं, मूर्ती घडवणं हे सगळं ते बघून बघून आणि करून करून शिकले.

त्यांच्या जोडीला होते नात्यातले भाऊ आनंदराव. तो काळ संगीत नाटकांचा. नाटक कंपन्यांमध्ये गायकांइतकीच चुरस पडद्यांची असायची. राजवाडा, जंगल, नदीचा घाट असं सगळं कापडावर रंगवलेलं. पडदा वर गेला की लोकांनी आधी त्याला टाळ्या द्यायच्या, मग नटाला. 1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतात पडदे रंगवणाऱ्यांमध्ये आनंदराव आणि बाबूराव ही जोडी आघाडीवर होती. मराठी नाटक कंपन्यांसाठी त्यांनी पडदे केले, गुजराती-पारशी रंगभूमीसाठीही केले. मिस्त्री आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले ते यामुळेच.

1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. आपणही सिनेमा काढायचा. पण कॅमेरा? परदेशातून मागवायचा तर पैसे नाहीत. म्हणून ठरलं, कॅमेरा आपणच बनवायचा.

काम सुरू झालं आणि 1916 साली आनंदराव गेले. अर्धवट राहिलेलं ते स्वप्न आता एकट्या बाबूरावांच्या अंगावर आलं. त्यांनी सोबतीला घेतलं विष्णुपंत दामले यांना. दामल्यांना यंत्रांची उत्तम जाण होती. 1918 च्या सुमारास कोल्हापुरात बनवलेला हा देशी कॅमेरा चालू झाला. शाहू महाराजांच्या संस्थानात कलावंतांना आधार होताच. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाची बाजू सांभाळली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कॅमेऱ्यात रंग मरत होते

इथं खरी अडचण सुरू होते.

बाबूराव रंगांचा माणूस. पडद्यावर कुठला निळा कुठल्या पिवळ्याशेजारी उठून दिसतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण सिनेमा होता कृष्णधवल. आणि त्या वेळची फिल्म रंगांच्या बाबतीत अर्धवट आंधळी होती.

आपला डोळा लाल, हिरवा, निळा असे सगळे रंग बघतो. त्या काळची नेहमीची फिल्म मात्र निळ्या आणि जांभळ्या उजेडाला पटकन भुलायची, हिरव्याला कमी दाद द्यायची आणि लाल रंग तर तिला जवळजवळ दिसायचाच नाही. परिणाम काय? निळंभोर आभाळ फिल्मवर पांढरंफटक. कपाळावरचं लाल कुंकू काळं. भगवा झेंडा काळपट. गर्द हिरवं लुगडं आणि विटकरी भिंत डोळ्यांना कितीही वेगळी दिसली तरी फिल्मवर एकाच राखाडी रंगात मिसळून जायची शक्यता.

म्हणजे चित्रकारानं जीव ओतून पडदा रंगवायचा आणि कॅमेऱ्यानं त्याचा चिखल करायचा. सगळे रंग मेल्यासारखे राखाडी दिसतात, हीच बाबूरावांची तक्रार होती.

यावरचा उपाय जगात माहीत होता. लेन्ससमोर पिवळी काच लावायची. ती निळा उजेड अडवते, त्यामुळे आभाळ थोडं गडद होतं आणि बाकीचे रंग जरा आपापल्या जागी येतात. इंग्लंडमधल्या रॅटन कंपनीचे फिल्टर प्रसिद्ध होते आणि 1912 मध्ये कोडॅकनं ती कंपनीच विकत घेतली होती.

पण फिल्टर फुकटात काम करत नाही. तो उजेड खातो. पिवळ्या काचेमागे तेच चित्र उमटवायला दुप्पट किंवा त्याहूनही जास्त उजेड लागतो. तेव्हाची फिल्म आधीच मंद आणि चित्रीकरण बहुतेक उन्हावर चालायचं. लाल फिल्टरचा तर विषयच नको. जी फिल्म लाल बघतच नाही, तिच्यासमोर लाल काच धरली तर तिला काहीच दिसणार नाही. सगळे रंग नीट ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म सिनेमावाल्यांच्या सर्रास वापरात आली ती 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात.

कोल्हापुरात बसलेल्या बाबूरावांकडे रंग सुधारणारा फिल्टर नव्हता. पण कुंचला होता.

त्यांनी उलटा विचार केला. लेन्ससमोर रंगीत काच लावता येत नसेल, तर लेन्ससमोर जे उभं आहे त्याचाच रंग बदलू. मागचे पडदे ते डोळ्यांना छान दिसतील अशा रंगात न रंगवता, फिल्मवर हवी ती छटा देतील अशा ठरावीक रंगछटांमध्ये रंगवायला लागले. प्रत्यक्षात पडदा विचित्र दिसला तरी चालेल, पण फिल्मवर नटाचा चेहरा मागच्या पडद्यापासून सुटा दिसला पाहिजे. फिल्टर जे काम काचेत करतो, ते त्यांनी रंगात केलं. त्यासाठी रंगाकडे बघून तो राखाडीत कसा उतरेल हे आधीच ओळखावं लागतं. नाटकाच्या पडद्यांवर घालवलेली सहा वर्षं इथं कामाला आली.

फक्त पडदेच नाही. दृश्य हळूहळू काळोखात विरत जाणं आणि काळोखातून पुन्हा उमलणं, ज्याला आपण फेड म्हणतो, तेही त्यांनी कॅमेऱ्यातच जुगाड करून साधलं. चित्रीकरणाआधी ते दृश्यांची आणि पोशाखांची चित्रं काढून ठेवत. सपाट पडद्यांवर न थांबता त्यांनी खोली असलेले सेट उभे केले.

टिळकांची शाबासकी आणि सिंहगडावरची रात्र

कंपनीचा पहिला सिनेमा 'सैरंध्री'. 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये तो लागला. भीमानं कीचकाचा वध करतानाचं दृश्य इतकं खरं वाटलं की लोक हादरले आणि सेन्सॉरनं त्यावर कात्री चालवली. पुरुषांनीच बायकांची कामं करायच्या त्या जमान्यात या सिनेमात स्त्रियांनी काम केलं होतं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

1923 साली आला 'सिंहगड', हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून. कथा रात्रीच्या चढाईची आणि सिनेमा सगळा उन्हावर चालणारा. बाबूरावांनी विजेचे दिवे लावून रात्र उभी केली. कृत्रिम प्रकाशात चित्रण झालेल्या सुरुवातीच्या भारतीय सिनेमांत 'सिंहगड'चं नाव घेतलं जातं. 1924 चा 'कल्याण खजिना' लंडनजवळच्या वेम्ब्लीच्या प्रदर्शनापर्यंत पोचला. त्याचं पोस्टर बाबूरावांनी स्वतः रंगवलं. आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेमा पोस्टरांत ते धरलं जातं.

ज्या सिनेमानं नाव दिलं, पैसा दिला नाही

1925 मध्ये बाबूरावांनी देव आणि राजे बाजूला ठेवले. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम.

पुणे जिल्ह्यातल्या लोकांना ही गोष्ट नवी नव्हती. 1875 साली याच जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता, कर्जाचे कागद जाळले होते. ते दुःख पन्नास वर्षांनी पडद्यावर आलं, तेही झगमगाट न करता, मंद उजेडात आणि गडद सावल्यांत. अंधाऱ्या झोपडीचं त्यातलं दृश्य पुढे अनेक वर्षं जाणकारांच्या लक्षात राहिलं. भारतीय सिनेमातल्या वास्तववादाची सुरुवात अनेक अभ्यासक इथूनच मानतात.

पण तिकीटबारीवर सिनेमा चालला नाही. लोकांना चमत्कार हवे होते. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळले.

1929 मध्ये सगळ्यात मोठा धक्का बसला. ज्यांना त्यांनी घडवलं ते दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन 'प्रभात' सुरू केली. पुढे प्रभात पुण्याला गेली आणि तिच्या 'संत तुकाराम'नं व्हेनिसपर्यंत नाव केलं. इकडे 1931 पर्यंत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बोलपटाच्या जमान्यात बाबूरावांनी 'उषा', 'प्रतिभा' असे काही सिनेमे केले, 1936 मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा बनवला. पण मन रमलं ते चित्रांत आणि शिल्पांत. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.

त्यांचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेटायची आणि सडायचीही.

बाबूरावांचा प्रयोग आजही करता येतो

समजा, तुम्ही जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात आहात. भीमाशंकर साखर कारखान्याच्या पारगावात सकाळी फोटो काढत फिरताय. समोर हिरवा ऊस, बाजूला तांबूस माती, वर निळं आभाळ. एक रंगीत फोटो काढा आणि एडिटिंग ॲपमध्ये तो कृष्णधवल करा. मग एकेका रंगाचा स्लायडर हलवून बघा. निळा खाली ओढला की आभाळ गडद होऊन ढग सुटे दिसतील, पिवळ्या-लाल फिल्टरसारखे. निळा वर आणि लाल पूर्ण खाली नेला की माती काळवंडेल आणि आभाळ पांढरं पडेल. 1920 च्या आसपासचा कॅमेरा जग साधारण असंच बघायचा.

घोड नदीच्या पाण्यावर चमक येत असेल तर पोलरायझरच लागतो, कारण ती चमक फोटो काढल्यावर ॲपमधून नीट जात नाही. पोलराइज्ड गॉगल मोबाईलच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवला तरी फरक कळतो.

आणि एकदा काहीही न लावता नुसतं बघा. हा हिरवा राखाडीत कसा उतरेल? ही माती त्याच्यापासून वेगळी दिसेल का? फोटो काढायच्या आधी मनात उत्तर ठरवा, मग ताडून बघा. बाबूरावांना हे रोज करावं लागायचं आणि त्यांच्याकडे अनडूचं बटण नव्हतं.