चेतापेशींचे चित्रकार : सांतियागो रामोन इ काहाल

मेंदू, मज्जारज्जू आणि शरीरभर पसरलेल्या चेता मिळून मानवी चेतासंस्था बनते. ही संस्था स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, हे दाखवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना दिले जाते.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील एका खेड्यात झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शल्यचिकित्सक असलेल्या वडिलांना मात्र ते मान्य नव्हते. काही काळ त्यांना न्हाव्याकडे व चांभाराकडे उमेदवारी करावी लागली. पुढे वडिलांनीच मानवी हाडांच्या अभ्यासातून त्यांना शरीररचनाशास्त्राची गोडी लावली. १८७३ मध्ये त्यांनी सारागोसा येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर लष्करी डॉक्टर म्हणून ते क्यूबात गेले आणि हिवतापाने खंगून मायदेशी परतले.

चेतासंस्था हे एकसंध जाळे आहे, असे त्या काळी अनेक शास्त्रज्ञ मानत. इटलीचे कामिलो गॉल्जी हे त्यांपैकीच एक. त्यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या रंजनपद्धतीत चांदीच्या क्षारामुळे मोजक्याच पेशी, पण संपूर्णपणे, काळ्या दिसत. काहाल यांनी १८८७ मध्ये ही पद्धत पाहिली, तीत सुधारणा केली आणि पक्ष्यांच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचतो, परंतु तिच्यात मिसळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १८८८ मध्ये स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकात मांडला. वृक्षिका संदेश घेतात आणि अक्षतंतू तो पुढे नेतो, हेही त्यांनी पुढे प्रतिपादन केले.

स्पेनबाहेर त्यांच्या कार्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. म्हणून १८८९ मध्ये ते आपल्या काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या परिषदेस गेले. तेथे ज्येष्ठ शास्त्रज्ञ कोलिकर यांची खात्री पटली आणि काहाल यांचे नाव युरोपभर झाले.

१९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल यांना विभागून देण्यात आले. ज्यांच्या पद्धतीने हा शोध लागला, त्या गॉल्जींनी नोबेल व्याख्यानातही जाळ्याच्याच सिद्धांताची बाजू मांडली. काहाल यांचे १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे निधन झाले. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन चेतापेशींमधील सूक्ष्म फट प्रत्यक्ष दाखवली. वडिलांना नापसंत असलेल्या कलेतून साकारलेली त्यांची चेतापेशींची चित्रे आजही अभ्यासली जातात.