लोहाऱ्याचं लोखंड आणि जमशेटजी

मैत्रिणींनो, नव्या कोऱ्या जस्ती बादलीवर चमचमणारी फुलं पाहिलीत ना? ती नक्षी कुणी काढलेली नसते. लोखंडावरचा जस्ताचा पातळ थर थंड होताना त्यात कण तयार होतात, वाढतात आणि शेजारच्या कणाला भिडले की थांबतात. फुलांच्या कडा म्हणजे या कणांच्या शिवा. पोलादातही असेच कण असतात, फक्त नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कण जितके बारीक, तितक्या शिवा जास्त आणि पोलाद तितकं बळकट.

या पोलादाचं स्वप्न एका माणसाला पडलं ते आपल्या चांद्यामुळे. जमशेटजी टाटा, जन्म १८३९, नवसारीचा. नागपुरात १८७७ मध्ये त्यांनी एम्प्रेस मिल सुरू केली. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं. लोहाऱ्याला उत्तम लोखंड, वरोऱ्याला कोळसा! पण तपासणीत तो कोळसा भट्टीला चालेना, त्यात सरकारी अटी जाचक. बेत बारगळला.

त्यांनी मात्र नाद सोडला नाही. १८९९ मध्ये खाणींचे नियम सैल झाले, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा उभे राहिले. १९०२ मध्ये अमेरिका गाठून कारखाने पाहिले. नुसती भट्टी पुरत नाही, जाणकार माणसंही हवीत, हे ओळखून विज्ञान संस्थेसाठी ३० लाखांची मालमत्ता देऊ केली.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. मुलगा दोराबजींनी चांद्याचा नाद सोडला, आणि नागपूरच्या संग्रहालयातल्या एका नकाशाने त्यांना दुर्गची वाट दाखवली. शेवटी कारखाना झाला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. १९१२ मध्ये तिथे पोलाद निघालं. जमशेटजींनी ते पाहिलंच नाही.

बंगळुरूची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. तिथे आज धातूंच्या अतिपातळ थरांचाही अभ्यास होतो. कॉम्प्युटरच्या चिपमध्ये असेच थर असतात. वीज वाहताना कणांच्या शिवेवरून धातूचे अणू सरकतात आणि तार तुटू शकते.

आज सूरजागडचं लोखंड ट्रक भरभरून जातंय. खनिजाबरोबर ज्ञानही हवं, हे जमशेटजींनी ओळखलं होतं. मग आपल्या लेकींनी बादलीवरच्या फुलांबद्दल विचारलं, तर त्यांना गप्प करू नका. धातुशास्त्र शिकायला पाठवा.