लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

कोल्हापूर जिल्ह्यातील वडगाव या गावी १९०६ साली शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात यांचा जन्म झाला. त्या काळी हिंदुस्थानच्या सैन्यात शिपाई, हवालदार आणि सुभेदार हिंदी असत. परंतु पलटणीचे नेतृत्व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती असे. पहिल्या महायुद्धानंतर ही स्थिती थोडीशी पालटली. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात दरवर्षी मोजक्या हिंदी तरुणांना प्रवेश मिळू लागला. शंकररावांनी ही दुर्मिळ संधी साधली व १९२६ साली ते सैन्यात अधिकारी झाले. पुढे चौदाव्या पंजाब रेजिमेंटमध्ये त्यांची नेमणूक झाली.

हिंदी अधिकारी शांततेच्या काळात कवायत घेतील, पण खऱ्या युद्धात पलटण चालवू शकतील काय, अशी शंका कित्येक इंग्रजांना वाटत असे. या शंकेला उत्तर मिळाले ते ब्रह्मदेशात. १९४५ च्या जानेवारीत अराकानच्या किनाऱ्यावर कांगाव येथे जपानी सैन्याची माघारीची वाट अडवायची होती. तेथे पाठवलेल्या एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थिमय्या, सेन आणि थोरात. जपान्यांनी एका टेकडीवर भक्कम मोर्चे बांधले होते. थोरात यांच्या पलटणीने २९ जानेवारीला हातघाईची लढाई करून ती टेकडी जिंकली. तिघाही अधिकाऱ्यांना मोठे शौर्यपदक मिळाले. आपल्या एका हुकमासरशी किती माणसे पुढे जातात आणि त्यांतील किती परत येतात, हे थोरात यांनी त्या टेकडीवर पाहिले.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्यावर आणखी अवघड कामगिरी सोपवण्यात आली. १९५३ साली कोरियातील युद्ध थांबले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक चिनी व कोरियन कैद्यांची देखरेख भारताकडे आली. सुमारे ६,००० भारतीयांचे रक्षक दल तेथे गेले व मेजर जनरल थोरात त्याचे प्रमुख झाले. सप्टेंबर महिन्यात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत पकडून ठेवले. गोळीबार केला असता, तर निःशस्त्र कैद्यांचे प्राण गेले असते आणि मेजरही बहुधा वाचला नसता. थोरात स्वतः त्या संतप्त जमावात शिरले. त्यांनी आवाज चढवला नाही, धाक घातला नाही. ते शांतपणे बोलत राहिले. हळूहळू कैद्यांचा क्षोभ ओसरला आणि मेजरची सुटका झाली. असा प्रसंग कोणत्याही लष्करी विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नव्हता. पुढे ज्याला कीर्तिचक्र हे नाव मिळाले, ते पदक देऊन सरकारने त्यांचा गौरव केला.

परंतु थोरात यांचे नाव आज विशेष आठवते ते एका खेळामुळे. मात्र तो करमणुकीचा खेळ नव्हता.

युद्धाचा अनुभव युद्धातच मिळतो. पण तो मिळवण्यासाठी युद्धाची वाट पाहणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. पहिली चूक माणसांच्या प्राणांनी भरून द्यावी लागते. म्हणून शांततेच्या काळातच अधिकाऱ्यांना असा अनुभव द्यावा, ही कल्पना निघाली. आपल्याकडील बुद्धिबळ हा अशाच कल्पनेचा जुना अवतार म्हणता येईल. हत्ती, घोडे व प्यादी ही सेनेचीच अंगे होत. मात्र बुद्धिबळात शत्रूचे प्रत्येक मोहरे डोळ्यांसमोर असते. युद्धात तसे नसते. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने खऱ्या नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ आपल्या वरिष्ठांना दाखवला. त्यांना तो इतका पसंत पडला, की सैन्यात सर्वत्र त्याचा प्रसार करण्यात आला. पुढे इतर देशांनीही तो उचलला.

हा खेळ कसा चालतो, हे धुळ्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. धुळे शहर आणि देवपूर यांच्यामधून पांझरा नदी वाहते. एका मोठ्या मेजावर वाळू पसरून तिच्यात ही नदी, तिच्यावरील पूल आणि दक्षिणेकडील लळिंगचा डोंगर यांचा हुबेहूब आराखडा केला, असे समजा. एका गटाने देवपूरचे रक्षण करावयाचे आणि दुसऱ्याने लळिंगकडून चाल करून यावयाचे. दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. आपली चाल ते कागदावर लिहून पंचाकडे देतात. शत्रू कोठे आहे, हे पंच जेवढे सांगेल तेवढेच कळते. देवपूरच्या गटाने सगळे जवान पुलावर ठेवले आणि शत्रूने पाणी उथळ असेल तेथे रात्री नदी ओलांडली, तर काय होईल? दारूगोळा वेळेवर पोचला नाही, तर पूल किती तास टिकेल? पंच अंतर मोजतो, वेळ मोजतो आणि निकाल सांगतो. खेळ संपल्यावर सर्वजण एकत्र बसून कोणाचे कोठे चुकले याची चर्चा करतात. शिक्षणाचा खरा भाग हाच होय. धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढे महूवरून जातो. तेथील लष्करी महाविद्यालयात आजही अधिकारी अशा प्रकारे शिकतात. आता त्यासाठी संगणकही वापरले जातात.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. त्यांचे ठाणे लखनौ येथे होते. १९५९ च्या ऑगस्ट महिन्यात ईशान्य सरहद्दीवर लोंगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली, तेव्हा या सीमेची चिंता वाढली. हिमालयातील तो प्रदेश अत्यंत दुर्गम होता. तवांगच्या वाटेवरील सेला खिंड सुमारे १३,७०० फूट उंचीवर आहे. रस्ते नव्हतेच म्हटले तरी चालेल. अन्न आणि दारूगोळा खेचरांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून नाहीतर विमानातून न्यावा लागे. थोरात यांनी त्या ऑक्टोबरात एक टिपण लिहून वरिष्ठांकडे पाठवले. अगदी सीमेवरील लहान चौक्यांनी शत्रूची चाहूल द्यावी, त्याला थोडा उशीर करावा आणि मागे यावे. खरी लढाई बोमडिलासारख्या मागच्या ठाण्यांवर द्यावी, असे त्यांचे मत होते. तेथवर येईतो शत्रूची रसदीची वाट लांबलचक होईल आणि आपली आखूड राहील, असा त्यांचा हिशेब होता. एकही पाऊल मागे न घेण्याची भाषा ऐकायला गोड लागते. पण उपाशी जवान त्या भाषेवर लढू शकत नाही, हे ब्रह्मदेशात लढलेल्या माणसाला सांगावे लागत नव्हते.

१७ मार्च १९६० रोजी लखनौ येथे त्यांनी याच प्रश्नावर एक मोठा युद्धखेळ मांडला. त्याचे नाव होते ‘लाल किल्ला’. कांगावच्या लढाईतील त्यांचे जुने सहकारी जनरल थिमय्या आता भूदलप्रमुख होते. तेही उपस्थित राहिले. आहे तेवढ्या सैन्यानिशी आणि आहेत त्या वाटांनिशी लढाई झाली, तर पुढच्या चौक्या एकामागून एक पडतील, असे त्या खेळात दिसून आले. अधिक सैन्य, रस्ते आणि साहित्य यांची निकड स्पष्ट झाली.

चीनशी युद्ध होणार नाही, असा दिल्लीत त्या वेळी विश्वास होता. थोरात यांची सूचना बाजूला पडली. भूदलप्रमुखपदासाठी थिमय्यांनी त्यांचे नाव सुचवले होते. परंतु सरकारने दुसऱ्या अधिकाऱ्याची निवड केली आणि १९६१ साली थोरात निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने मोठा हल्ला केला. पुढच्या चौक्या पडल्या, आठवड्याच्या आत तवांग गेले आणि नोव्हेंबरात बोमडिलाही गेले. लखनौला पटावर जे दिसले होते, ते बऱ्याच अंशी तसेच घडले. फरक एवढाच, की या वेळी थंडीच्या कपड्यांवाचून, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी खरे जवान लढत होते आणि मरत होते.

त्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी थोरात यांना दिल्लीस बोलावून घेतले व राष्ट्रीय संरक्षण परिषदेच्या कामात त्यांचा सल्ला घेतला. डोंगरी लढाईसाठी सैन्याची खास डिव्हिजने उभी राहिली आणि सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कामाला वेग आला. थोरात यांनी पुढे आपले आत्मचरित्र लिहिले. त्यात लखनौच्या त्या युद्धखेळाची हकीकत त्यांनी नोंदवून ठेवली आहे. १९९२ साली त्यांचे निधन झाले.